कॅनन, पाठभेद आणि खेळाडूचा डाव : एका वादाची पार्श्वभूमी

ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस ‘ड्रॅगन एज’ या व्हिडिओ गेमच्या मालिकेतील ‘ड्रॅगन एज : द व्हेलगार्ड’ हा नवा खेळ आला, तेव्हा जुन्या खेळाडूंच्या नाराजीचा बराचसा रोख सुरुवातीच्याच एका पडद्यावर होता. पात्र घडवताना त्याच मालिकेतील २०१४ च्या खेळात खेळाडूने घेतलेले केवळ तीन निर्णय विचारले जात होते. २००९ आणि २०११ च्या खेळांत सिंहासनावर कोणाला बसवले, कोणाला जीवदान दिले, कोणाचा बळी गेला, यांपैकी काहीही विचारले जात नव्हते. निर्मात्यांची बाजू अशी की, कथा आता दुसऱ्या प्रदेशात घडते आणि तेथे त्या निर्णयांचा संबंध येत नाही. खेळाडूंचे म्हणणे असे की, आम्ही ती गोष्ट घडवली होती आणि आता ती घडलीच नाही असे आम्हाला सांगितले जात आहे. हा वाद नवा नाही. त्याच्या मुळाशी एक शब्द आहे आणि त्या शब्दातला गुंता सोडवल्याखेरीज हा वाद समजत नाही.

तो शब्द म्हणजे ‘कॅनन’. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मापनाची काठी. त्यावरून नियम आणि पुढे धर्मसंस्थेने मान्य केलेल्या ग्रंथांची यादी, असा त्याचा प्रवास झाला. कथाविश्वाच्या चाहत्यांकडे तो शेरलॉक होम्समार्गे आला. १९११ मध्ये एका निबंधकाराने धर्मग्रंथांच्या चिकित्सेची सारी शस्त्रे मोठ्या गांभीर्याचा आव आणून होम्सच्या कथांवर चालवली, आणि पुढे चार कादंबऱ्या व छप्पन्न कथा मिळून ‘कॅनन’ ही कल्पना वाचकांत रुजली. त्यानंतर विज्ञानकथांची हौशी नियतकालिके आली, १९६७ पासून ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांची आली, आणि शब्दाला पिल्ले फुटत गेली. चाहत्यांत सार्वत्रिक झालेली पण मूळ कथेत नसलेली समजूत म्हणजे ‘फॅनन’, ज्याने त्याने आपल्यापुरती मानलेली गोष्ट म्हणजे ‘हेडकॅनन’, आणि आधी सांगितलेले मागाहून बदलून घेणे म्हणजे ‘रेटकॉन’.

मराठीत ‘कॅनन’साठी ‘प्रमाण’ हा शब्द सुचतो आणि तो वरवर चपखल बसतो, कारण त्याच्याही मुळाशी ‘मा’ म्हणजे मोजणे हाच धातू आहे. परंतु प्रमाण या शब्दात पुरावा, माप आणि अधिकार असे तीन अर्थ एकत्र नांदतात आणि नेमका तोच घोटाळा मूळ शब्दातही आहे. एखादी घटना ‘कॅनन आहे’ असे चाहता म्हणतो तेव्हा त्याला कधी ‘ती मूळ कृतीत दिसते’ असे म्हणायचे असते, कधी ‘ती मालकाने मान्य केली आहे’ असे, तर कधी ‘पुढची कथा तिच्यावर उभी राहणार आहे’ असे. कादंबरीच्या बाबतीत हे तिन्ही अर्थ सहसा एकमेकांवर नीट बसतात. खेळात ते सुटे होतात, कारण खेळाची संहिता एक असली तरी तिचे डाव लाखो असतात, आणि प्रत्येक डावात पडद्यावर दिसलेले दृश्य हे त्या खेळाडूपुरते मूळ कृतीतच दिसलेले असते. मला ‘प्रमाण’पेक्षा ‘पाठभेद’ हा शब्द येथे अधिक उपयोगी वाटतो. हस्तलिखितांची चिकित्सक आवृत्ती काढणारा संपादक एक पाठ मुख्य मजकुरात घेतो, पण उरलेले पाठ फेकून देत नाही, ते तळटीपेत नोंदवतो. ज्याला तो खोटे ठरवतो त्याला ‘प्रक्षिप्त’ म्हणतो आणि ती वेगळी गोष्ट आहे. खेळांच्या जगात मात्र मालकाने एक पाठ निवडला की बाकीचे सारे थेट प्रक्षिप्त ठरतात, आणि दुखावते ते हेच.

खेळाडूचा डाव ही जपून ठेवण्याजोगी वस्तू झाली ती सेव्ह करण्याच्या सोयीमुळे. १९८६ मध्ये जपानमध्ये आलेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये थांबण्यापूर्वी वीस अक्षरांचा परवलीचा मंत्र कागदावर उतरवून घ्यावा लागे. १९८७ मध्ये अमेरिकेत आलेल्या ‘लेजंड ऑफ झेल्डा’च्या कार्ट्रिजमध्ये बॅटरी होती आणि खेळ स्वतःच लक्षात ठेवू लागला. या सोयीचा दैनंदिन जीवनाशी असलेला संबंध फारसा सांगितला जात नाही. कामावरून परतल्यावर, घरातले आवरल्यावर, ज्याला रात्री तासभरच मिळतो अशा माणसालाही आता तीन-चार महिने चालणारी कथा जगता येऊ लागली. ती कथा त्या महिन्यांतील आजारपणांना, परीक्षांना, घर बदलण्याला चिकटून राहते. पात्रे एका खेळातून दुसऱ्यात नेण्याची सोय त्याहूनही जुनी आहे, कारण १९८२ च्या दुसऱ्या ‘विझर्ड्री’साठी पहिल्या भागात वाढवलेली पात्रेच लागत असत. मात्र तेथे पात्राची ताकद पुढे जात असे, त्याचे निर्णय जात नसत.

निर्णयांचा प्रश्न नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात आला आणि त्याला मिळालेली पहिली उत्तरे आजच्यापेक्षा उदार होती. १९९६ च्या ‘डॅगरफॉल’ला एकमेकांशी न जुळणारे अनेक शेवट होते. पुढच्या खेळांनी त्यांतला एक निवडण्याऐवजी असे सांगितले की, काळाचाच धागा तुटला आणि ते सारे शेवट एकाच वेळी घडले. त्या कथाविश्वातील पोथ्यांमध्ये या चमत्काराबद्दल इतिहासकार आपसांत वाद घालताना दिसतात. मी वाचलेल्या सर्व उपायांत हा सर्वांत प्रामाणिक आहे, कारण त्यात पाठभेद लपवलेले नाहीत, त्यांनाच कथेचा विषय केले आहे. २००० च्या ‘ड्यूस एक्स’ला तीन शेवट होते आणि २००३ च्या पुढच्या भागाने तिन्हींचे अंश एकत्र करून नवे जग उभारले. ते थोडे ओढूनताणून होते, पण कोणाचाही डाव पूर्णपणे पुसला गेला नाही.

याउलट घडले ते ‘स्टार वॉर्स’च्या विश्वात, आणि ते प्रकरण सविस्तर पाहण्यासारखे आहे. २००३ च्या ‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’मध्ये मुख्य पात्र रेव्हन हे स्त्री असावे की पुरुष, सन्मार्गाने जावे की अंधाऱ्या बाजूने, हे खेळाडू ठरवत असे. २००४ च्या दुसऱ्या भागात रेव्हन पडद्यावर जवळजवळ नाही, पण सुरुवातीच्या एका संभाषणात सहज बोलता बोलता खेळाडूला सांगता येते की रेव्हन कोण होता किंवा होती, आणि पुढची पात्रे तेच धरून बोलतात. दोन-चार वाक्यांत सांभाळलेली ही सभ्यता पुढे टिकली नाही. अधिकृत संदर्भसाहित्याने रेव्हन पुरुष आणि सन्मार्गी असल्याचे ठरवून टाकले. तोवर त्या विश्वात कॅननच्या श्रेणी होत्या. चित्रपट सर्वांत वर, त्याखाली दूरचित्रवाणी मालिका, त्याखाली कादंबऱ्या, कॉमिक्स आणि खेळ, त्याखाली जुने दुय्यम साहित्य. वरच्या श्रेणीशी विरोध येत नाही तोवर खालचे ग्राह्य, असा तो नियम होता. २०१२ मध्ये मालकी बदलली आणि एप्रिल २०१४ मध्ये नव्या मालकांनी जाहीर केले की, सहा चित्रपट आणि ‘क्लोन वॉर्स’ ही मालिका वगळता आजवरचे सारे साहित्य यापुढे ‘लेजंड्स’ या नावाखाली राहील. म्हणजे आपला रेव्हन खोटा ठरल्याचे दुःख ज्यांनी गिळले होते त्यांना आता कळले की, खरा ठरलेला रेव्हनही खरा राहिला नाही. नव्या चित्रपटांना मोकळी जागा हवी होती हे कारण समजण्यासारखे आहे. पण त्या दिवशी पुस्तकांतले एक अक्षरही बदलले नव्हते आणि तरी वाचकांना काहीतरी हिरावल्यासारखे वाटले, यावरून कॅननमध्ये अधिकाराचा अर्थ पुराव्याच्या अर्थावर किती कुरघोडी करून बसला आहे, हे दिसते.

याच काळात ‘मास इफेक्ट’ने नेमके उलटे वचन दिले होते. २००७ च्या पहिल्या भागातील सेव्ह फाइल २०१० च्या दुसऱ्या आणि मार्च २०१२ च्या तिसऱ्या भागात नेता येत असे आणि जुने निर्णय लहानसहान संवादांतूनही परत भेटत. ज्या यंत्रावर पहिला भाग तेव्हा उपलब्धच नव्हता, तेथे २०११ मध्ये एक चित्रकथा जोडून तिच्यातून मुख्य निर्णय विचारले गेले. इतकी काळजी घेतलेली असल्यामुळेच तिसऱ्या भागाचा शेवट झोंबला. सारे डाव शेवटी तीन रंगांच्या तीन पर्यायांपाशी येऊन थांबले आणि त्यांची दृश्ये जवळजवळ सारखी होती. चाहत्यांनी निषेध म्हणून आजारी मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला ८०,००० डॉलरपेक्षा जास्त निधी मिळवून दिला, आणि स्टुडिओला तीन रंगांचे पण एकाच चवीचे ४०० केक पाठवले. जून २०१२ मध्ये शेवट विस्तारून विनामूल्य देण्यात आला, त्यात तिन्ही पर्याय नाकारण्याची वाटही होती. त्या वेळी अनेकांनी हा चाहत्यांचा हट्ट असल्याची टीका केली. मला ती टीका अर्धीच पटते. लेखकाला शेवट ठरवण्याचा अधिकार आहे, पण पाच वर्षे खेळाडूला सहलेखक म्हणवून घेतल्यावर तो अधिकार एकट्याचा राहत नाही.

खर्चाची बाजू मात्र खरी आहे. दोन पर्यायांचे दहा निर्णय धरले तरी १,०२४ जुळण्या होतात आणि त्यांपैकी बहुतेकांसाठी वेगळे संवाद लिहून, बोलून, ध्वनिमुद्रित करणे कोणालाही परवडत नाही. २०१४ मध्ये ‘ड्रॅगन एज’च्या निर्मात्यांनी यावर एक वेगळे संकेतस्थळ काढले, जेथे खेळाडू आधीच्या दोन खेळांतील शेकडो लहानमोठ्या घटना चित्रफलकांवर नोंदवून ते जग नव्या खेळात उतरवू शके. तळटीपांच्या सर्वांत जवळ जाणारी सोय आजवर हीच झाली. २०२४ च्या खेळाने ती बाजूला ठेवली. एवढेच नव्हे, जुन्या खेळांचा दक्षिणेकडचा प्रदेश उद्ध्वस्त होत चालल्याच्या बातम्या त्यात मधूनमधून येणाऱ्या पत्रांतून कळत राहतात.

गाळलेले पाठ दरम्यान दुसरीकडे साठत आहेत. २००९ पासून चाहत्यांनी स्वतः चालवलेल्या आणि २०१९ मध्ये ह्यूगो पुरस्कार मिळालेल्या कथासंग्रहाच्या संकेतस्थळावर ‘कॅननपासून फुटलेली वाट’ अशा अर्थाची खूणचिठ्ठी आहे, आणि तिच्याखाली स्त्री रेव्हनच्या कथाही सापडतात.