तातू: मॉस्कोत घडवलेला वाद आणि त्यात वाढलेल्या दोन मुली

फेब्रुवारी 2003 मध्ये ब्रिटनच्या सिंगल्स चार्टवर तातू या रशियन जोडीचं 'ऑल द थिंग्ज शी सेड' हे गाणं पहिल्या क्रमांकावर पोचलं आणि चार आठवडे तिथंच राहिलं. रशियन कलाकारांनी हे स्थान मिळवायची ती पहिलीच वेळ. येलेना ऊर्फ लेना कातिना आणि यूलिया वोल्कोवा या दोघी गायिका तेव्हा जेमतेम 18 वर्षांच्या आसपास होत्या. व्हिडिओत त्या शाळेच्या गणवेशात एकमेकींचं चुंबन घेतात, म्हणून रिचर्ड आणि ज्युडी या टीव्हीवरच्या प्रसिद्ध जोडप्याने बंदीची मागणी केली. टीकेचा सगळा भडिमार झाला तो या दोघींवर. ज्याने हे सगळं ठरवून घडवून आणलं, तो पडद्यामागेच राहिला.

त्याचं नाव इव्हान शापोवालोव. शिक्षण मानसोपचाराचं, धंदा जाहिरातींचा. ऑगस्ट 1998 मध्ये रुबल कोसळला आणि रशियन बाजाराचं कंबरडं मोडलं. पायरसीमुळे कॅसेट-सीडीच्या विक्रीतून गायकांच्या हाती फारसं काही लागत नसे. पैसा मिळे तो कार्यक्रमांतून, आणि कार्यक्रम मिळत ते नाव गाजलं तरच. अशा दिवसांत, 1999 मध्ये, शापोवालोव आणि संगीतकार अलेक्सांद्र व्होइतिन्स्की यांनी मॉस्कोत मुलींच्या चाचण्या घेतल्या. आधी निवडली गेली एकटी कातिना. तिच्याकडून सुरुवातीला जी गाणी ध्वनिमुद्रित करून घेतली, त्यातलं एक चक्क युगोस्लाव्हियावरच्या नाटोच्या बॉम्बवर्षावाबद्दल होतं! वोल्कोवा नंतर आली. दोघी 'नेपोसेदी' या बालकलाकारांच्या समूहात पूर्वी गायलेल्या होत्या.

दोन शाळकरी मुलींच्या प्रेमावरचा एक स्वीडिश चित्रपट त्या सुमारास गाजला होता. तिथून प्रेरणा घेऊन शापोवालोवने गीतकार येलेना किपेरच्या साथीने जोडीची नवी ओळख ठरवली: या दोघी एकमेकींच्या प्रेमात आहेत. प्रत्यक्षात तसं काही नव्हतं. 2000 च्या अखेरीस 'या सोश्ला स उमा' हे पहिलं गाणं आलं. 'ऑल द थिंग्ज शी सेड' हे पुढे झालेलं त्याचंच इंग्रजी रूप. व्हिडिओत दोघी पावसात जाळीच्या कुंपणाआड उभ्या आहेत आणि पलीकडे छत्र्या घेतलेली माणसं त्यांच्याकडे थंड नजरेने टक लावून बघत आहेत. शेवटी कॅमेरा वळतो, मुली हातात हात घालून निघून जातात आणि कुंपणात अडकलेली दिसतात ती बघणारी माणसं. ही कल्पना खरोखर प्रभावी होती. आपलं प्रेम घरात सांगू न शकणाऱ्या कितीतरी मुलींना त्यात स्वतःची गोष्ट दिसली, आणि त्यांना मिळालेला आधार खोटा नव्हता. पण कॅमेऱ्यासमोर उभ्या होत्या त्या 15-16 वर्षांच्या मुली, आणि त्यांच्या वयाचं, गणवेशाचं भांडवल करणारे होते मोठे लोक. हे मला आजही अक्षम्य वाटतं.

मे 2001 मध्ये आलेला पहिला अल्बम रशियात आणि पूर्व युरोपात धडाक्यात खपला. इंग्रजी आवृत्ती केली ब्रिटिश संगीत निर्माता ट्रेव्हर हॉर्नने. 1984 मध्ये बीबीसीने बंदी घातलेलं आणि तरीही पहिल्या क्रमांकावर गेलेलं 'रिलॅक्स' त्याचंच होतं, म्हणजे वादातून गाणं कसं वर जातं हे त्याने जवळून पाहिलेलं. त्याच्या कामात कसर नव्हती. गिटारचा तो तुकडा आणि वर चढत जाणारे दोघींचे टिपेचे आवाज वाद विसरूनही ऐकावेसे वाटतात.

त्यानंतरचं 2003 म्हणजे नुसता गोंधळ. इराक युद्धाच्या तोंडावर दोघी अमेरिकेत टीव्ही सूत्रसंचालक जे लेनो याच्या कार्यक्रमात युद्धाला रशियन शिवी हासडणारे टी-शर्ट घालून गायल्या. मे महिन्यात रिगा इथे झालेल्या युरोव्हिजन या युरोपीय गीतस्पर्धेत त्या मंचावर काय करतील याचा आयोजकांनी धसकाच घेतला होता. त्या जीन्स-टी-शर्टमध्ये आल्या, गायल्या आणि 164 गुणांसह तिसऱ्या आल्या. तुर्कस्तानला 167 आणि बेल्जियमला 165 गुण होते. जूनमध्ये जपानच्या 'म्युझिक स्टेशन' या थेट प्रक्षेपित कार्यक्रमात सुरुवातीला हजेरी लावून दोघी ऐन वेळी गायला आल्याच नाहीत. रिकामी वेळ थी मिशेल गन एलिफंट या जपानी बँडने आणखी एक गाणं वाजवून भरून काढली. लंडनचे कार्यक्रमही त्याच वर्षी रद्द झाले. वोल्कोवाच्या गळ्याचं दुखणं सुरू होतं ते वेगळंच.

2004 च्या सुरुवातीला एका रशियन वाहिनीवर नव्या अल्बमच्या तयारीचा रिअॅलिटी शो चालू असतानाच दोघींनी शापोवालोवची साथ सोडली. त्या जोडपं नव्हत्या, हेही तोवर उघड झालं. त्याच वर्षी वोल्कोवाला मुलगी झाली. फसवणूक झाल्याची भावना चाहत्यांमध्ये होती आणि ती रास्तच होती, पण राग पुन्हा या दोघींवरच निघाला. 2005 मध्ये 'ऑल अबाउट अस' युरोपात चाललं. पुढे मात्र ओघ आटत गेला. 2009 मध्ये पूर्णवेळ काम थांबलं आणि मार्च 2011 मध्ये जोडी फुटल्याचं अधिकृतपणे जाहीर झालं.

अल्पवयीनांसमोर समलैंगिकतेच्या 'प्रचारा'वर बंदी घालणारा कायदा रशियाने 2013 मध्ये केला. लगेच पुढच्या फेब्रुवारीत सोची ऑलिंपिकच्या उद्घाटनाआधी हीच जोडी पुन्हा एकत्र येऊन गायली. पण सूर जुळले नाहीत. कातिनाने परत वेगळी वाट धरली. त्याच वर्षी एका युक्रेनियन कार्यक्रमात वोल्कोवा म्हणाली की आपला मुलगा समलैंगिक निघाला तर आपण ते स्वीकारणार नाही. कातिनाने जाहीरपणे तिच्याशी असहमती दाखवली. 2021 मध्ये वोल्कोवा दुमाच्या, म्हणजे रशियन संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या, निवडणुकीसाठी इव्हानोवो प्रांतातून युनायटेड रशिया पक्षाची उमेदवारी मिळवायला पक्षांतर्गत मतदानात उतरली आणि हरली. याच पक्षाचं बहुमत असलेल्या दुमाने 2013 चा तो कायदा 436 विरुद्ध शून्य मतांनी संमत केला होता.