घारापुरी नेमकी किती लांब?

गेटवेवर लाँचचं तिकीट काढताना कुणीतरी हमखास विचारतं, "किती किलोमीटर आहे हो घारापुरी?" उत्तर मिळतं, "तासभर लागेल." प्रश्न अंतराचा, उत्तर वेळेचं. पण पाण्यावर हेच उत्तर जास्त कामाचं.

नकाशावर सरळ रेघ ओढली तर गेटवे ते लेणी हे अंतर साधारण ११ किलोमीटर भरतं. दर्यावर्दी मात्र ते ६ सागरी मैल म्हणून मोजतील. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. आकडा आडनिडा वाटतो, पण त्यामागे पृथ्वीचं माप आहे: अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले की त्यातला एक भाग जवळपास एवढा भरतो. त्यामुळे सागरी नकाशाच्या उभ्या कडेवरच्या अक्षांशांच्या खुणा हीच मोजपट्टी होते. तासाला एक सागरी मैल या वेगाला म्हणतात एक नॉट.

आता समजा, आपली लाँच ६ नॉटने चालते. पाणी स्थिर असेल तर बरोबर एक तास. पाणी १ नॉटने पाठीमागून ढकलत असेल तर ५१ मिनिटं, समोरून येत असेल तर ७२. गंमत म्हणजे जाताना वाचलेली मिनिटं येताना फिटत नाहीत. दोन्ही मिळून १२३ मिनिटं होतात, १२० नाही, कारण उलट्या पाण्यात लाँच जास्त वेळ अडकलेली असते.

प्रत्यक्षात पाणी इतकं सरळही वागत नाही. मुंबई बंदराचं तोंड दक्षिणेकडे, घारापुरी गेटवेच्या पूर्व-ईशान्येला. भरतीचं पाणी उत्तरेकडे आत शिरताना लाँचला तिरकं रेटतं. म्हणून सुकाणू धरणारा नाक थेट बेटावर न रोखता थोडं प्रवाहाकडे वळवून ठेवतो.

भरती कधी, याचं कोकणातलं जुनं गणित अजून चालतं: तिथीची पाऊणपट. पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचारच्या सुमाराला पूर्ण भरती, एकदा पहाटे आणि एकदा दुपारी. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा डोक्यावर येतो. तोंडी हिशेबाला पाऊण तास पुरतो. पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे झाली तर लाँच काही बुडत नाही! पाण्याची ओढ सगळ्यात जास्त असते ती भरती आणि ओहोटीच्या मधल्या तासांत. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईत पाणी चारेक मीटर वर-खाली होतं, तेव्हा ही ओढ आणखी वाढते. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, ती बरीच मवाळ असते.

आणि बेटाचा किनारा तरी कुठे एका जागी असतो? घारापुरीभोवती उथळ चिखल आहे. ओहोटीला पाणी मागे सरलं की तो लांबवर उघडा पडतो आणि लाँच काठाला लागणं अशक्य होतं. म्हणून तर जेट्टी पाण्यात एवढी लांब नेली आहे, इतकी की तिच्यावर छोटी आगगाडी चालते. ११ किलोमीटरमधला हा शेवटचा तुकडा ज्याचा त्याने ठरवायचा, चालत की गाडीने. पुढे लेण्यांपर्यंत सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत. त्या मात्र भरतीलाही तेवढ्याच आणि ओहोटीलाही.