सूर्यशिळा मायांची नव्हे

२०१२ मध्ये जगबुडीची अफवा घरोघर पोचली तेव्हा तिच्यासोबत एक चित्र हमखास असायचं. मधोमध जीभ बाहेर काढलेला चेहरा, भोवती कोरीव वर्तुळं आणि खाली 'माया कॅलेंडर'. चित्रातली ती शिळा मायांची, म्हणजे मध्य अमेरिकेतल्या प्राचीन माया लोकांची, नाहीच. १७९० मध्ये मेक्सिको सिटीच्या मुख्य चौकात सापडलेली ती अझ्टेकांची, म्हणजे मध्य मेक्सिकोतल्या लोकांची, सूर्यशिळा. मायांच्या कालगणनेत त्या डिसेंबरात फक्त एक मोठं आवर्तन पुरं होत होतं.

दोघांत काळाचंच केवढं अंतर आहे! ग्वाटेमालाच्या जंगलात एल मिराडोरसारखी माया नगरं इसवी सनापूर्वीच भरभराटीला आली होती. २५० ते ९०० हा त्यांचा अभिजात काळ. दक्षिणेकडची ही नगरं ओस पडून चारशे वर्षं झाली, तेव्हा कुठे १३२५ च्या सुमारास अझ्टेकांनी सरोवरातल्या बेटावर आपली राजधानी तेनोच्तित्लान वसवली. तिथून त्यांनी दूरदूरच्या मुलखांकडून खंडणी घेतली. मायांचं असं एकछत्री साम्राज्य कधीच नव्हतं. तिकाल आणि कालाकमुल ही नगरराज्यं तर पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांशी लढत राहिली.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो लिपीतला फरक. अझ्टेकांचं लेखन मुख्यतः चित्रांचं होतं. मायांच्या लिपीत शब्दचिन्हांबरोबर अक्षरचिन्हंही होती, त्यामुळे बोललेलं वाक्य जसंच्या तसं लिहिता येई. पालेंके या माया नगराचा राजा पकाल ६१५ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी गादीवर बसला हे आज ठामपणे सांगता येतं, कारण ते दगडात कोरलेलं आहे. आकडेही तसेच नेटके: एकासाठी ठिपका, पाचासाठी आडवी रेघ, शून्यासाठी शिंपला. वीस लिहायचे तर खाली शिंपला, वर एक ठिपका. भारताशी कसलाही संबंध नसताना त्यांच्याकडे शून्य होतं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

मायांना 'लुप्त झालेले' म्हणतात, ते मात्र खटकतं. तेनोच्तित्लान १५२१ मध्ये स्पॅनिशांच्या हाती पडलं. शेवटचं माया राज्य, नोह्पेतेन, टिकलं थेट १६९७ पर्यंत. माया भाषा आजही लाखो लोक बोलतात. अझ्टेकांची नावाट्ल भाषाही जिवंत आहे, आणि आपल्या स्वयंपाकघरातला 'टोमॅटो' हा शब्द मूळचा तिचाच.