लुकुमादेस तेल नेमकं कधी पितात?

अथेन्सच्या एओलू रस्त्यावर 'क्रिनोस' नावाचं दुकान आहे, १९२३ सालापासूनचं. तिथे लुकुमादेस मिळतात. यीस्टने आंबवलेल्या सैल पिठाचे लिंबाएवढे गोळे तांबूस तळायचे, वरून मध, दालचिनीची पूड आणि हवा तर अक्रोडाचा चुरा. हल्ली यांच्या रील्स आपल्याही फोनवर येतात आणि बहुतेकींत एक वाक्य ठरलेलं असतं: प्राचीन ऑलिम्पिकमधल्या विजेत्यांना हेच बक्षीस द्यायचे म्हणे. ऑलिंपियातल्या विजेत्याला मिळायचा तो रानटी ऑलिव्हच्या डहाळीचा मुकुट. तेलात तळून मध लावलेल्या खाऊचा उल्लेख जुन्या ग्रीक लिखाणात आहे, नाही असं नाही. पण आंबवलेल्या पिठाचे छोटे गोळे तळून पाकात टाकायची स्पष्ट कृती हवी असेल, तर १२२६ सालच्या बगदादच्या एका पाककृतीसंग्रहाकडे जावं लागतं.

इतिहासाचं हे एवढं पुरे. लेखाचं निमित्त वेगळं आहे. 'मैदा कढईत पडला की तेल पीत सुटतो' ही आपल्या स्वयंपाकघरातली पक्की समजूत. लुकुमादेस घरी करून पाहावेत असं सुचवलं की पहिली शंका हीच येते. गोळा तेल पितो हे खरंच आहे, पण कढईत असताना तो फारसं पीत नाही. मुख्य कार्यक्रम गोळा कढईबाहेर काढल्यावर सुरू होतो.

आधी पीठ भिजवून ठेवू. पाव किलो मैदा, चमचाभर यीस्ट, चमचाभर साखर, अर्धा चमचा मीठ आणि २४० मिलिलिटरच्या आसपास कोमट पाणी. पाव भिजवताना १०० ग्रॅम मैद्याला साधारण ६०–६५ ग्रॅम पाणी लागतं. इथे ते जवळजवळ मैद्याइतकंच आहे, त्यामुळे पीठ मळता येत नाही, हाताने फेटावं लागतं. झाकून ठेवलं की तासाभरात दुप्पट होतं आणि वर बुडबुड्यांची जाळी दिसते. उन्हाळ्यात लवकरही होईल, तेव्हा घड्याळापेक्षा पिठाकडे लक्ष ठेवा. ग्रीक बायका डाव्या मुठीत पीठ घेऊन मूठ आवळतात, अंगठा आणि तर्जनीच्या मधून फुगा बाहेर आला की तेलात बुडवलेल्या चमच्याने तो कापून कढईत सोडतात. तेल १७० ते १८० अंश सेल्सिअस हवं. थर्मामीटर नसेल तर पिठाचा थेंब टाकून बघा, तो तळाशी रेंगाळता कामा नये.

आता गोळ्यात काय चालतं ते पाहू. पंधरा ग्रॅमच्या गोळ्यात सातएक ग्रॅम पाणी असतं. बाहेर १७५ अंशांचं तेल असलं तरी आतलं पाणी उकळून संपेपर्यंत आतला गर शंभराच्या वर जात नाही, कारण येणारी उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्ची पडते. शंभर अंशांना एक ग्रॅम पाण्याची सुमारे १.७ लिटर वाफ होते. समजा तळताना गोळ्यातलं दोन ग्रॅम पाणी उडालं, तर तीन-चार मिनिटांत त्या लिंबाएवढ्या गोळ्यातून सुमारे साडेतीन लिटर वाफ बाहेर पडली! कढईत उठणारे बुडबुडे ते हेच. प्रत्येक छिद्रातून वाफ बाहेर फेकली जात असताना तेलाला आत शिरायला वाट कुठून मिळणार? 'कडक तेलाने छिद्रं बंद होतात' असं सांगतात, तेही बरोबर नाही. छिद्रं उघडीच असतात, फक्त त्यांतून वाहतूक एकाच दिशेने चालते.

मग आपण झारा घालून गोळा उचलतो. सालीच्या छिद्रांमधली वाफ निवते आणि तिचं परत पाणी होतं, म्हणजे १.७ लिटरची जागा पुन्हा एका मिलिलिटरवर येते. छिद्रांमधला दाब घटतो, बाहेर हवेचा दाब मात्र तोच राहतो. त्या दोहोंच्या मध्ये सालीला चिकटलेला तेलाचा पापुद्रा असतो, तो आत ढकलला जातो. टेक्सासमधल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात मक्याच्या चिप्सवर हे मोजलं. एकूण तेलापैकी तळताना आत गेलेला वाटा पाचव्या हिश्शाइतकाच निघाला, आणि निम्म्याहून जास्त तेल चिप्स निवताना आत गेलं.

म्हणजे तेलकटपणाचा निकाल कढईबाहेरच्या पहिल्या अर्ध्या-एक मिनिटात लागतो. गोळे झाऱ्यात घेऊन कढईवरच, वाफ जोरात असताना, चारदोन सणसणीत झटके द्या आणि लगेच जाळीवर पसरा. ताटात ढीग करून मग कागदाने टिपत बसलात तर तोवर तेल आत पोचलेलं असतं. थंड तेलात तळण तेलकट का होतं याचं उत्तरही इथेच मिळतं: वाफेचा जोर कमी पडतो, साल धरायला वेळ लागतो, गोळा जास्त वेळ तेलात राहतो.

मधाचंही गणित हेच आहे. बारीक नळीत द्रव किती खोल शिरेल, हे त्याला ढकलणारा दाब, मिळालेला वेळ आणि द्रवाचा दाटपणा यांवर ठरतं. दाब आणि वेळ तेच ठेवले, तर खोली दाटपणाच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात असते. तापलेल्या तेलाचा दाटपणा साध्या पाण्याच्या तीन-चार पट, तर खोलीच्या तापमानाच्या मधाचा पाण्याच्या दहा हजार पटींच्या घरात. भागाकार करून वर्गमूळ काढलं की पन्नासच्या आसपास आकडा येतो. ढोबळमानाने, तेल जितकं आत जाईल त्याच्या पन्नासावा हिस्सा मध जाईल. गरम सालीला लागून मध पातळ होतो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडा जास्त जातो, पण मुद्दा बदलत नाही. गुलाबजामाला पाक गाभ्यापर्यंत मुरायला हवा म्हणून आपण पातळ, गरम पाक घेतो. लुकुमादेसचा मध वरच राहायला हवा, म्हणून गोळे गरम आणि मध गार.

मध फार घट्ट असेल तर किंचित कोमट करायला हरकत नाही. 'तापवलेला मध विष होतो' हे फॉरवर्ड मी इतक्यांदा वाचलंय की आता राग येणंही बंद झालंय. मध तापवल्यावर एचएमएफ नावाचं संयुग वाढतं आणि काही विकरं नष्ट होतात, हे खरं. म्हणूनच आंतरराष्ट्रीय मानकात त्याची मर्यादा किलोला ४० मिलिग्रॅम आहे, उष्ण प्रदेशातल्या मधाला ८०. ती मध ताजा आणि न तापवलेला आहे का हे ओळखण्यासाठी. भाजलेल्या कॉफीच्या पुडीत एचएमएफ याच्या कितीतरी पट असतं आणि तिला कोणी विष म्हणत नाही. मधाबाबत पाळायचीच असेल तर एक गोष्ट पाळा, वर्षाच्या आतल्या बाळाला तो देऊ नका. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

एवढं सगळं जमलं तरी लुकुमादेस दहा-पंधरा मिनिटांत सादळतात. सालीत पाणी जेमतेम उरलेलं असतं, गाभा मात्र ओला. पाणी आतून बाहेर सरकतं आणि काचेसारखी ठिसूळ साल वातड होते. डबा बंद केलात तर आणखी लवकर. म्हणून ते कढईजवळ उभं राहूनच खायचे.

चार दिवस टिकणारं काही हवं असेल तर ग्रीसच्या दक्षिणेकडच्या पेलोपोनीज द्वीपकल्पात, विशेषतः तिथल्या मेसिनिया भागात, लग्नाला आणि नाताळाला करतात त्या दिप्लेस करा. अंडी आणि मैद्याचं घट्ट पीठ कागदासारखं पातळ लाटायचं, पट्टी तेलात सोडायची आणि दोन काट्यांनी तेलातच गुंडाळायची. गुंडाळायला मिळतात काही सेकंदच, कारण पातळ पट्टीतलं पाणी झपाट्याने उडतं आणि ती लगेच कडक होते. पण ओला गाभाच नसल्यामुळे आतून बाहेर सरकायला पाणीही नसतं. हवाबंद डब्यात कोरड्या ठेवा, मध, दालचिनी आणि अक्रोड वाढतानाच घाला.