सिबेलीचा काळा दगड रोमला का आणला?

रोममधल्या पॅलेटाइन टेकडीवर, ऑगस्टसच्या घराच्या शेजारीच, एका जुन्या देवळाचा चौथरा अजून शिल्लक आहे. हे देऊळ 'माग्ना माटेर' म्हणजे महामातेचं. ग्रीक लोक तिला किबेली म्हणत, इंग्रजीतून आपल्याकडे ती सिबेली झाली. तिचं मूळ ठाणं फ्रिजियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात. इ.स.पू. २०४ मध्ये खुद्द रोमन सिनेटनं तिला समारंभानं शहरात आणलं आणि त्यानंतर अडीच शतकं तिच्याच पुजाऱ्यांना चार हात लांब ठेवलं. रोमन धर्म कसा चालत होता हे कळायला ज्युपिटर आणि मार्सच्या कथांपेक्षा ही एक हकिकत जास्त उपयोगी पडते, असं मला ठामपणे वाटतं.

तो काळ उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्या स्वारीचा होता. इ.स.पू. २१८ मध्ये तो आल्प्स ओलांडून इटलीत उतरला. २१६ मध्ये कॅनीच्या एकाच लढाईत रोमचे सुमारे ४८ हजार सैनिक पडले, असं रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसचा आकडा तर याहून बराच मोठा आहे. पाठोपाठ शहरात अशी घबराट पसरली की, एक गॉल जोडपं आणि एक ग्रीक जोडपं गुरांच्या बाजारात जिवंत पुरण्यात आलं. रोमनांना स्वतःलाच हा प्रकार रोमन रीतीला धरून वाटत नव्हता, तरीही तो झाला. माणसं किती हवालदिल झाली होती ते यावरून दिसतं.

इ.स.पू. २०५ पर्यंत युद्धाचं पारडं रोमकडे झुकू लागलं होतं, पण हॅनिबल अजून दक्षिण इटलीत ठाण मांडून होता. त्या वर्षी आकाशातून वारंवार दगडांचा वर्षाव झाला. हा अपशकुन समजून सिबिलीय ग्रंथ उघडण्यात आले. कॅपिटोलाइनवरच्या ज्युपिटरच्या देवळात जपून ठेवलेले हे ग्रीक पद्यातले भविष्यग्रंथ दहा जणांच्या अधिकृत मंडळाशिवाय कुणालाही पाहता येत नसत, आणि या मंडळानंही ते पाहायचे तर सिनेटचा हुकूम लागे. त्यात वचन सापडलं: परका शत्रू इटलीवर चालून आला असेल, तर इडा पर्वताची माता, म्हणजे हीच महामाता, फ्रिजियातल्या पेसिनसहून रोमला आणावी, म्हणजे तो हरेल आणि निघून जाईल.

परक्या देवाला बोलावणं रोमला नवीन नव्हतं. इ.स.पू. ३९६ मध्ये व्हेई शहर घेताना तिथल्या जुनो देवीला रोमला येण्याची विनंती केली होती. साथ आली तेव्हा ग्रीसमधल्या एपिडॉरसहून वैद्यकीचा देव एस्क्युलेपियस याचा साप जहाजातून आणला होता. महामातेच्या बाबतीत तर नातंही जुळत होतं. रोमनांच्या समजुतीनुसार त्यांचा मूळपुरुष ईनियस ट्रॉयचा, आणि इडा पर्वत ट्रॉयजवळचाच. म्हणजे देवी पूर्वजांच्या गावची निघाली.

राजकारणही होतंच. आजच्या तुर्कस्तानातल्या पर्गामॉनचा राजा पहिला अटॅलस मॅसिडोनियाविरुद्ध रोमच्या बाजूनं लढला होता, आणि देवी त्याच्यामार्फतच मिळाली. देवी म्हणून आणलेला हा काळा दगड नक्की कुठून आला यावर प्राचीन लेखकांचं एकमत नाही. लिव्ही पेसिनस म्हणतो, कवी ओव्हिड इडा पर्वत, रोमन विद्वान व्हॅरो पर्गामॉनजवळचं देवस्थान. पेसिनसवर त्या काळी अटॅलसची कितपत सत्ता होती हा प्रश्नच आहे, त्यामुळे मला व्हॅरोचं म्हणणं जास्त पटतं.

ग्रीसमधल्या डेल्फीच्या देवस्थानाच्या कौलानुसार देवीचं स्वागत रोममधल्या सर्वोत्तम माणसानं करायचं होतं. सिनेटनं निवडला पब्लियस कॉर्नेलियस स्किपिओ नासिका हा तरुण, ज्यानं अजून एकही मोठं पद भूषवलं नव्हतं. त्याचा चुलतभाऊ, सेनापती स्किपिओ, तेव्हा आफ्रिकेवर स्वारीची तयारी करत होता. हा योगायोग मानायला मन धजत नाही.

ऑस्टियाच्या बंदरात नासिकानं देवी जहाजावरून घेतली. शहरातल्या प्रतिष्ठित स्त्रियांनी ती हातोहाती पुढे नेली. वाटेवरच्या घरांच्या दारात धूप जळत होता. ओव्हिडच्या वेळेपर्यंत या प्रसंगात एक चमत्कारही आला होता. जहाज टायबरच्या गाळात रुतलं, आणि जिच्या शीलाबद्दल कुजबुज चालली होती त्या क्लॉडिया क्विंटानं एकटीनं दोर ओढून ते सोडवलं. लिव्हीनं क्लॉडियाचं नाव घेतलं आहे, पण हा चमत्कार त्याच्या वर्णनात नाही.

आणि देवी दिसायला कशी? आर्नोबियस या ख्रिस्ती लेखकानं पुढे तिचं वर्णन करून ठेवलं आहे: हातात सहज मावेल एवढा दगड, काळपट, खडबडीत, कोपरे निघालेला, मूर्तीत चेहऱ्याच्या जागी बसवलेला. आपल्याकडचा देवीचा तांदळा पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही.

त्या उन्हाळ्यात दहा वर्षांत आलं नव्हतं इतकं पीक आलं, असं थोरला प्लिनी लिहितो. हॅनिबल इ.स.पू. २०३ मध्ये इटली सोडून गेला आणि २०२ मध्ये झामाला हरला. देवी पावली, असंच लोकांनी मानलं. इ.स.पू. १९१ मध्ये पॅलेटाइनवर तिचं देऊळ पुरं झालं. एप्रिलमधल्या तिच्या मेगालेसिया उत्सवात नाटकं होत, आणि खानदानी घराणी एकमेकांना मेजवान्या देत.

अडचण होती ती पुजाऱ्यांची. 'गालुस' म्हणवणारे हे पुजारी देवीचा प्रियकर अटिस याच्यासारखं स्वतःचं पौरुष कापून टाकत, स्त्रियांसारखे कपडे घालत, केस मोकळे सोडून ढोल-झांजांच्या तालावर नाचत. देवी हवी, पण हे नको, असा सिनेटचा पवित्रा होता. हॅलिकर्नाससचा ग्रीक इतिहासकार डायोनिसियस सांगतो की, वार्षिक यज्ञ आणि खेळ प्रेटर हा अधिकारी रोमन रीतीनं करी, पौरोहित्य फ्रिजियन पुरुषाकडे आणि फ्रिजियन स्त्रीकडे असे, आणि जन्मानं रोमन असलेल्या कुणालाही त्या मिरवणुकीत बासरीच्या साथीनं भिक्षा मागत फिरायला बंदी होती. इ.स.पू. ७७ मध्ये जेन्युशियस नावाच्या गालुसला मृत्युपत्रानं वारसा मिळाला आणि प्रेटरनं तो मान्यही केला, पण कॉन्सल, म्हणजे त्याहून वरचा अधिकारी, मामेर्कसनं तो रद्द ठरवला. कारण काय, तर हा ना पुरुष, ना स्त्री. शहराच्या रक्षणासाठी आणलेल्या देवीच्या सेवकाला तिच्याच शहरात दाद मिळाली नाही, हे वाचून आजही राग येतो.

मद्याचा देव बॅकस याच्या भक्तांशी तुलना केली की सिनेटचं धोरण आणखी स्पष्ट होतं. इ.स.पू. १८६ मध्ये सिनेटनं त्यांच्या गुप्त मंडळांवर जबर कारवाई केली आणि हजारोंना शिक्षा झाल्या. तिथेही नाच होता, वाद्यं होती, बेभान होणं होतं. पण तो पंथ सिनेटला न विचारता पसरला होता. महामाता सरकारी आमंत्रणानं आली होती, म्हणून तिच्याभोवती कुंपण घालून भागलं.

हे कुंपण सैल झालं ते सम्राटांच्या काळात. ऑगस्टसनं इ.स. ३ मध्ये जळालेलं देऊळ पुन्हा बांधलं. क्लॉडियसपासून अटिसचा मार्चमधला उत्सव अधिकृत होत गेला. २२ मार्चला पाइनचं झाड देवळात आणायचं, २४ ला रक्ताचा दिवस, २५ ला आनंदोत्सव आणि २७ ला आल्मो ओढ्यावर देवीचं स्नान. पंथाचा प्रमुख म्हणून 'आर्किगालुस' हे पद निर्माण झालं, आणि त्यावर रोमन नागरिकही बसू लागले. इ.स. ३९१-३९२ मध्ये ख्रिस्ती सम्राट थिओडोसियसच्या कायद्यांनी जुन्या देवांच्या पूजेवर बंदी आली. तरीही त्यानंतर लिहिणारा ख्रिस्ती लेखक ऑगस्टिन कार्थेजच्या रस्त्यांवर अगदी कालपरवापर्यंत दिसणाऱ्या या पुजाऱ्यांचं वर्णन करतो: तेलानं ओले केस, पांढरे रंगवलेले चेहरे, आणि दुकानदारांपुढे पसरलेले हात.