मार्गारिटा पाणचट का होते? (आमच्याकडून बर्फ नेणाऱ्यांसाठी)

शनिवारी रात्री येणाऱ्या फोनांमध्ये एक तक्रार ठरलेली असते: "टकीला चांगली आहे, लिंबं ताजी आहेत, तुमचा बर्फ घेतलाय, तरी मार्गारिटा पाणचट लागतेय." पाहुणे घरात असताना फोनवर हे समजावणं कठीण जातं, म्हणून हे पत्रक बर्फासोबत देतो. पाकीट उघडण्याआधी वाचलंत तर उपयोग होईल.

मार्गारिटा या कॉकटेलचं प्रमाण बहुतेकांना माहीत असतं. इंटरनॅशनल बारटेंडर्स असोसिएशनचं माप आहे ५० मिली टकीला, २० मिली ट्रिपल सेक (संत्र्याच्या स्वादाचं गोड मद्य) आणि १५ मिली लिंबाचा रस. ट्रिपल सेकच्या जागी संत्र्याचं स्क्वॅश घालू नका, त्यात नुसती साखर असते. लिंबासाठी दूर जायला नको. मेक्सिकोत घरोघरी वापरतात ते छोटं लिंबू आणि आपलं कागदी लिंबू एकाच जातीचं. ते लहान असल्यामुळे एका लिंबाचा रस १५ मिली भरेलच असं नाही, तेव्हा मोजून घ्या. टकीलाच्या बाटलीवर '१०० टक्के अगेव्ह' लिहिलेलं पाहा. तसं नसेल तर किण्वनात ४९ टक्क्यांपर्यंत दुसरी साखर वापरलेली असू शकते. आपल्याकडे बांधावर दिसणारी घायपात अगेव्हच्याच कुळातली, पण टकीला होते ती निळ्या अगेव्हपासून, आणि मेक्सिकोच्या ठरावीक भागातच, मुख्यतः हालिस्को राज्यात.

आता मुख्य मुद्दा. नव्वद टक्के घरांत बर्फ आला की पहिलं काम होतं ते पाकीट फोडून सगळा बर्फ बादलीत ओतायचं. बादली टेबलावर छान दिसते. पाहुणे जमून पहिला शेकर (बर्फासोबत पेय हलवायचं झाकणाचं भांडं) हातात घेईपर्यंत पाऊण-एक तास जातो, आणि तोवर प्रत्येक खड्यावर पाण्याचा थर चढलेला असतो. तोच ओला बर्फ शेकरमध्ये जातो. मार्गारिटा बिघडते ती इथे.

कारण असं. एक ग्रॅम बर्फ वितळताना साधारण ८० कॅलरी उष्णता ओढून घेतो. शून्य अंशाचं एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापताना फक्त एक कॅलरी घेतं. म्हणजे पेय गार होतं ते मुख्यतः बर्फ शेकरच्या आत वितळल्यामुळे. खड्यावर आधीच जमलेल्या पाण्याची ही ताकद हॉलची हवा गार करण्यात खर्च झालेली असते. ते पेयात पाणी वाढवतं आणि गारवा जवळजवळ काहीच देत नाही.

पाणी मुळीच नको, असं मात्र नाही. नीट हलवून गाळलेल्या मार्गारिटात साधारण पाव ते एक तृतीयांश भाग बर्फाचंच पाणी असतं. ते नसेल तर टकीला घशाला जाळते आणि लिंबू दात आंबवतं. मद्य असल्यामुळे हे मिश्रण शून्याच्या खालीही गोठत नाही, त्यामुळे कोरड्या, म्हणजे वर पाणी न सुटलेल्या, बर्फाने ते शून्याखाली काही अंश उतरतं आणि पाणी हवं तेवढंच सुटतं.

बर्फ कोरडा आहे का, हे ओळखायला बोट पुरतं. खडा बोटाला चिकटला तर कोरडा, सटकला तर ओला. कोरड्या खड्यावर पेय ओतलं की तो तडतडतो, तो आवाज चांगला आहे, बर्फ खराब असल्याची खूण नव्हे. यावरूनही आम्हाला फोन येतात.

तेव्हा पाकीट फ्रीजरमध्येच ठेवा. जागा नसेल तर आमच्या आईसबॉक्समध्ये झाकण लावून ठेवा आणि एका वेळी लागेल तेवढंच काढा. बादली हवीच असेल तर ती बिअरच्या बाटल्यांसाठी वेगळी भरा. बर्फ ओला झालाच तर शेकरमध्ये टाका, झाकण अर्धवट धरून पाणी ओतून काढा, मगच टकीला घाला. एवढ्यानेही बराच फरक पडतो.

दुसरी चूक काटकसरीची. शेकरमध्ये तीन-चार खडे टाकून हलवलं तर ते पेय पुरेसं गार होण्याआधीच विरघळून जातात. शेकर निदान दोन तृतीयांश भरा आणि बारा ते पंधरा सेकंद जोरात हलवा. धातूच्या शेकरवर बाहेरून पांढुरकं दव धरलं की थांबा. गाळून ताज्या बर्फावर ओता, शेकरमधला वापरलेला बर्फ ग्लासात घेऊ नका. मीठ जाडसर घ्या, खडेमीठ कुटून उत्तम, आणि ग्लासाच्या अर्ध्याच काठाला बाहेरून लावा.

मिक्सरमधली फ्रोझन मार्गारिटा ही वेगळी गोष्ट. डॅलसच्या मारियानो मार्टिनेझ यांनी १९७१ साली आईस्क्रीमच्या यंत्रात फेरफार करून ती लोकप्रिय केली, ते यंत्र आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्यासाठी आमचे मोठे पारदर्शक क्यूब मिक्सरला लावू नका, पात्यांचं नुकसान होतं. बर्फाचा चुरा वेगळा मिळतो, दरही कमी आहे.

आम्ही बर्फ कार्यक्रमाच्या आदल्या तासातच का पोचवतो, असं विचारलं जातं. सकाळी दिलेला बर्फ घरच्या भरलेल्या फ्रीजरमध्ये शेजारच्या सुक्या बोंबलाचा वास धरतो आणि दार उघडझाकीने ओलावतो. उघड्या बादलीत वितळलेला बर्फ बदलून देत नाही, त्याचं कारण वर आलंच आहे. लादीचा बर्फ स्वस्त मिळतो हे खरं, पण तो खाण्यायोग्य आहे का याची खात्री करून घ्या. अखाद्य बर्फाला निळसर रंग द्यायचा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे. आमचे क्यूब गाळलेल्या पाण्याचे, एकाच बाजूने सावकाश गोठवलेले असतात. त्यामुळे हवा आणि क्षार शेवटच्या थरात ढकलले जातात, तो थर आम्ही कापून टाकतो. किंमत त्या कापलेल्या भागाचीही असते.

किती मागवायचा? दहा माणसं, माणशी दोन, म्हणजे वीस मार्गारिटा. दर मार्गारिटाला शेकरमध्ये पाव किलो आणि ग्लासात शंभर ग्रॅम धरले तर सात किलो. बिअरच्या बादलीचा हिशेब वेगळा. आम्ही मद्य विकत नाही. परवाना आणि वयाची अट (महाराष्ट्रात २५ वर्षं) यजमानांनी पाळावी.

शेकरसाठीचे छोटे क्यूब आणि ग्लासासाठीचे मोठे, दोन्हींची पाकिटं वेगळी येतात. ऑर्डर देताना कोणते किती ते सांगा, आणि पाहुणे येण्याची खरी वेळ सांगा. आईसबॉक्स दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आमचा माणूस घेऊन जाईल, अनामत तिथेच परत मिळेल.