जुन्या बुलेटची बॅटरी उतरतेय? वायर ‘डायरेक्ट’ करण्याआधी हे वाचा

दसऱ्याला पूजेसाठी गाडी बाहेर निघते आणि त्याच आठवड्यात आमच्या गॅरेजला फोन सुरू होतात: "नवी बॅटरी टाकली, तरी उतरते." लातूर, औसा, उदगीर, निलंगा, सगळीकडून प्रश्न एकच, म्हणून हे पत्रक छापलं. यातले आकडे १२ व्होल्टच्या कास्ट आयर्न, म्हणजे जुन्या ओतीव लोखंडी इंजिनच्या, बुलेटचे आहेत. गाडी ६ व्होल्टची असेल तर ते साधारण निम्मे धरा.

अ‍ॅमीटरचा (बॅटरीत करंट जातो की बाहेर पडतो ते दाखवणाऱ्या मीटरचा) काटा बघून घाबरू नका. लाईट लावून गाडी स्लोवर असली की काटा मायनसला झुकणारच. रेस दिल्यावर तो प्लसकडे यायला हवा. बॅटरी भरलेली असेल तर मधोमध थांबतो, तेही बरोबरच आहे.

खरं उत्तर मल्टीमीटर देतो. गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्ट मोजा. १२.६ च्या आसपास हवेत. फार कमी असतील तर बॅटरी आधी चार्जरवर पूर्ण भरून घ्या, उतरलेल्या बॅटरीवरची तपासणी फसवते. मग गाडी चालू करून मध्यम रेस धरा. १३.८ ते १४.५ दिसले तर चार्जिंग ठीक आहे, दोष बॅटरीत किंवा करंटच्या गळतीत शोधायचा. आकडा वर सरकलाच नाही तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर (चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा पार्ट) गेलाय, बॅटरीचं पाणी उकळून उडेल.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. चार्जिंग होत नाही म्हटलं की कुणीतरी रेग्युलेटर काढून वायर सरळ बॅटरीला जोडून देतो. फ्यूजच्या जागी तांब्याची तार येते. चार दिवस गाडी पळते, मग बल्ब उडतात, बॅटरी फुगते, आणि गाडी आमच्याकडे येते तेव्हा कुठली वायर कुठून निघाली याचा पत्ता नसतो. मागे औशाकडून एक गाडी आली होती. हेडलाईट उघडला तर काळ्या टेपच्या सात गाठी, आत सगळ्या वायरी एकाच लाल रंगाच्या. त्या सोडवून मूळ जागी आणायला दीड दिवस गेला. मूळ दोष काय होता? अ‍ॅमीटरच्या मागचा नट ढिला आणि त्याखाली हिरवा गंज. या गाड्यांत बॅटरीकडे जाणारा करंट अ‍ॅमीटरमधूनच जातो, तिथे सांधा सुटला की चार्जिंग बंद. पान्याचा अर्धा फेर, दहा मिनिटांचं काम. बिल मात्र दीड दिवसाचं झालं, आणि ते घेताना आम्हालाही बरं वाटलं नाही.

म्हणून आम्ही तपासणीचे वेगळे पैसे घेतो. काम आमच्याकडेच केलं तर ते बिलातून वजा होतात. अंदाजाने एकेक पार्ट बदलत बसण्यापेक्षा हे ग्राहकाला स्वस्त पडतं, असा आमचा अनुभव आहे.

घरी बघण्यासारखं थोडंच आहे. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, कोरडं करून व्हॅसलीन लावा. अर्थिंगचा बोल्ट घट्ट करा. गाडी सोयाबीनच्या पोत्यांशेजारी उभी राहत असेल तर सीटखाली उंदराने वायर कुरतडली का ते बघा, आपल्याकडे हे फार होतं. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी बॅटरीची पाण्याची पातळी बघा आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. आपल्या बोरच्या पाण्यातले क्षार प्लेटा खातात. चालू गाडीत बॅटरीची वायर काढून ‘चार्जिंग येतंय का’ बघू नका, त्याने चांगला रेग्युलेटरही जळतो.

पुढचं आमच्यावर सोडा. आल्टरनेटर, म्हणजे चार्जिंगची वीज तयार करणारा भाग, प्रायमरी चेनच्या (इंजिनकडून क्लचकडे जाणाऱ्या चेनच्या) कव्हरमध्ये असतो. स्टेटरची (त्यातल्या न फिरणाऱ्या कॉईलची) वायर चेनला घासली का, मॅग्नेट आणि स्टेटरमधली फट सगळीकडून सारखी आहे का, हे कव्हर उघडून, फट मोजायच्या फिलर गेजनेच कळतं. स्टेटर रिवाइंडिंग आणि मूळ रंगांच्या वायरींचा पूर्ण हार्नेस (गाडीचा सगळा वायरिंग संच) आम्ही इथेच करतो. व्होल्ट मात्र कुणालाही फुकट मोजून देतो, बॅटरी कुठूनही घेतलेली असो.

येताना गाडीवर आधी काय काम झालं ते आठवून या, आणि काढलेला रेग्युलेटर, कापलेल्या वायरी फेकून न देता पिशवीत घालून आणा.